पत्र्यावरचे साठ ग्रॅम

आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातला संत्रा बागायतदार बोर्डो मिश्रण करतो, तेव्हा फवारणीआधी एक गोष्ट करून बघतो. एक किलो मोरचूद एका भांड्यात विरघळवायचे, एक किलो चुना दुसऱ्या भांड्यात भिजवायचा, दोन्ही एकत्र करून शंभर लिटर पाणी पुरे करायचे. मग घासून लखलखीत केलेला विळा किंवा लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवायचा. लोखंडावर तांबूस झाक आली, तर चुना कमी पडला. आणखी चुन्याची निवळी घालायची, विळा पुसून पुन्हा बुडवायचा. झाक येईनाशी झाली की मिश्रण झाडाला घालायला योग्य.

या चाचणीत काय घडते ते नीट पाहिले, तर धातूवरच्या संरक्षक थरांचा सगळा विषय त्यात सापडतो. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याचे आयन मोकळे फिरत असतात. लोखंड त्यांना इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः विरघळते. ते इलेक्ट्रॉन घेऊन तांबे धातुरूपाने विळ्यावर बसते. प्रमाण विभवांच्या तक्त्यात, म्हणजे कोणता धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो त्या क्रमात, तांबे अधिक ०.३४ व्होल्टवर आहे, लोखंड उणे ०.४४ वर. दोघांमधले हे ०.७८ व्होल्टचे अंतर विळ्यावरची झाक घडवते. चुना पुरेसा पडला की तांबे न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकते, मोकळे आयन जवळपास संपतात आणि चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर स्वतःचे एक अतिशय पातळ ऑक्साइडचे कवच टिकून राहते. विळा तोच, तांबेही तेच, पण पाणी बदलले आणि विळ्याच्या पृष्ठभागावर जे घडते तेही बदलले.

संरक्षक थरांविषयी मला जे सांगायचे आहे ते हेच आहे. अमुक थर चांगला, तमुक थर वाईट, असे नुसते म्हणता येत नाही. थर कोणत्या पाण्यात, कोणत्या मातीत, कोणत्या हवेखाली राहणार हे सांगितल्यावरच त्याच्या चांगलेपणाला अर्थ येतो. आणि तो चांगलेपणा डोळ्यांना फार उशिरा दिसतो, मीटरला लवकर दिसतो. वर्धा जिल्ह्यात बसून हा विषय शिकायचा, तर समुद्राच्या पाण्यातले आकडे पाठ करून भागणार नाही. इथल्या विहिरीचे पाणी, इथली काळी माती, इथला गोठा आणि इथला मे महिना यांच्यात ते आकडे मोजावे लागतील.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, म्हणून आतून कल्हई लागते. कल्हईवाला भांडे राखेने, वाळूने घासतो, भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथिलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील सर्वत्र फिरवतो. पांढरा धूर उठतो तो नवसागराचा. तापल्यावर नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती पितळेवरचा ऑक्साइड खाऊन टाकते आणि उघड्या, स्वच्छ धातूवर कथील चिकटते. कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून ही सगळी विद्या चुलीच्या आचेवर जमते. ही कल्हई तांब्याला केवळ झाकत नाही. कथिलाचा प्रमाण विभव उणे ०.१४ व्होल्ट, म्हणजे तांब्यापेक्षा बराच खाली. कुठे ओरखडा पडून पितळ उघडे झाले, तर बहुधा कथील आधी विरघळते आणि तांबे मागे राहते. मात्र कल्हईवाल्याने कथिलात शिसे मिसळले, तर थर तितकाच चकचकीत दिसतो आणि आंबट अन्नातून शिसे पोटात जाते. अशी भेसळ चकाकीवरून ओळखता येत नाही.

तेच कथील लोखंडावर चढवले की त्याची भूमिका उलटते. उघड्या, ओल्या हवेत कथील लोखंडापेक्षा वरच्या विभवावर असते. पत्र्याच्या डब्याला बाहेरून ओरखडा पडला, की त्या जागचे लोखंड झपाट्याने गंजते, कारण आजूबाजूचे कथील त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढत राहते. आता त्याच डब्यात संत्र्याचा रस भरून तो हवाबंद करा. रसातले सायट्रिक आम्ल कथिलाच्या आयनांना धरून ठेवते, मोकळे आयन उरत नाहीत, आणि कथिलाचा विभव लोखंडाच्या खाली घसरतो. आता कथील हळूहळू झिजून लोखंडाला वाचवते. रसाचा रंगही फिका, ताजा राहतो. म्हणून फिक्या रंगाच्या फळांसाठी आतून लॅकरचा थर न दिलेले कथिली डबे मुद्दाम वापरतात. डबा फोडल्यावर आत प्राणवायू शिरतो आणि कथील कितीतरी वेगाने विरघळू लागते. म्हणूनच डबा उघडला की रस दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावा. एकाच डब्याच्या एकाच थराची आत एक आणि बाहेर दुसरी अशी वागणूक असते. विद्यार्थ्यांना विभवांचा तक्ता दाखवताना हे उदाहरण मी सगळ्यात आधी घेतो, कारण तक्ता शुद्ध पाण्यातल्या ठरावीक परिस्थितीचा आहे आणि जगात तशी परिस्थिती क्वचितच असते, हे त्यातून लगेच पटते.

वर्धा जिल्ह्यात संरक्षक थर म्हटले, की प्रत्येकाच्या डोक्यावर असलेली वस्तू म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. घर, गोठा, बंडा, जिनिंगचे शेड, शाळेचा व्हरांडा, सगळीकडे तोच. वर्ध्याजवळ भुगावला पोलादाचा कारखाना आहे. लॉइड्स, मग उत्तम आणि आता एव्होनिथ अशी त्याची नावे बदलत गेली, पण तिथून जस्ताचा मुलामा दिलेले पोलादही बाहेर पडत आले आहे. लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्ये घेतले. पोलादाची लांबच लांब पट्टी न थांबता जस्ताच्या कढईतून नेण्याची युक्ती पोलंडच्या सेंदझिमिरने १९३० च्या दशकात बसवली. पट्टी आधी भट्टीतून जाते, तिच्यावरचा ऑक्साइड हायड्रोजनमिश्रित वायूत निघून जातो, आणि मग ती साधारण ४६० अंशांच्या जस्तात बुडून वर येते. बाहेर येताच दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून जादा जस्त खाली उतरवतात. कढईत किंचित अ‍ॅल्युमिनियम घातलेले असते. त्यामुळे लोखंड आणि जस्ताच्या सांध्यावर लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ पापुद्रा बनतो आणि दोघांचा ठिसूळ मिश्रधातू जाड होत नाही. तसे झाले नाही, तर पत्र्याला पन्हळ पाडताना मुलामा तडकून उडाला असता.

पत्रा घेताना दुकानात जाडी विचारतात, लांबी विचारतात. जस्त किती हे विचारणारा विरळा. पत्र्याच्या मानकात १२० असा आकडा असतो. त्याचा अर्थ, एका चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला साठ. जस्ताची घनता ७.१४ धरली तर साठ ग्रॅमची जाडी साडेआठ मायक्रॉनही भरत नाही. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्याशा थरावर पंधरा-वीस वर्षांचे छप्पर उभे असते, आणि तो साठ ग्रॅमचा आहे की तीसचा, हे नव्या पत्र्याकडे बघून कोणालाही सांगता येत नाही. २७५ चा पत्रा महाग असतो, पण त्यावर एका बाजूला एकोणीस मायक्रॉनच्या आसपास जस्त असते. ज्याला छप्पर एकदाच घालणे परवडते, त्याने जस्ताचे हे गणित दुकानदाराला विचारलेच पाहिजे.

जस्त वाचवते ते दोन प्रकारे. एक तर कडेला किंवा खिळ्याच्या भोकाशी लोखंड उघडे पडले, तर जस्त स्वतः झिजून त्याला गंजू देत नाही. दुसरे, पावसाने भिजून आणि उन्हाने वाळून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने जस्तावर कार्बोनेटचा राखाडी, घट्ट थर धरतो आणि त्यापुढची झीज मंदावते. नवा पत्रा वर्षभरात निस्तेज होतो, ते त्याच्या तब्येतीचे लक्षण आहे. कमी दमट, स्वच्छ हवेत जस्ताची झीज वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन धरतात. दमट किंवा दूषित हवेत ती दोन मायक्रॉनपर्यंत जाते. साडेआठ मायक्रॉनला या दोन आकड्यांनी भागून पाहा. एकीकडे चार वर्षे येतात, दुसरीकडे बारा ते कितीतरी अधिक.

पण हा राखाडी थर बनायला हवा खेळती लागते. पावसाळ्यात नवे पत्रे एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवले, की दोन पत्र्यांच्या फटीत पाणी ओढले जाते. तिथे कार्बन डायऑक्साइड पोचत नाही, कार्बोनेटऐवजी जस्ताचा फुसफुशीत हायड्रॉक्साइड बनत जातो. दिवाळीत गठ्ठा सोडावा तर पत्र्यावर पांढरी भुकटी. कारखान्यात मुलाम्यावर क्रोमेटचा हात देत, तो या पांढऱ्या गंजासाठीच. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक, म्हणून जगभर ते हटवून तीन संयुजेचे क्रोमियम किंवा इतर पर्याय आणले जात आहेत. शेतकऱ्यासाठी उपाय साधा आहे. पत्रे उभे तिरपे ठेवावेत, मध्ये लाकडी पट्ट्या घालाव्यात, पाणी निथळू द्यावे.

गोठ्यावरचा पत्रा घरावरच्या पत्र्याआधी का जातो, याचेही उत्तर असेच मिळते. मूत्र आणि शेणातून निघणारा अमोनिया पत्र्याच्या आतल्या बाजूवरच्या दवात विरघळतो आणि जस्ताच्या आयनांना धरून कार्बोनेटचा थरच सोडवून टाकतो. वरून पाऊस धुऊन तरी नेतो. आतून धुणारे कोणी नाही. खताच्या खोलीत पोटॅशच्या पोत्यातले क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते, तिथेही तेच. अमोनियाचे हे काम लष्कराने फार पूर्वी अनुभवले होते. ब्रिटिश अमलात भारतातल्या पावसाळ्यात पागांच्या आसपास ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. ओढून घडवलेल्या पितळेत ताण अडकलेला असे, अमोनिया त्यावरचा संरक्षक पापुद्रा विरघळवी आणि चीर आत आत शिरे. १९२१ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि काडतुसे मंद आचेवर तापवून ताण काढण्याचा इलाज रूढ झाला. ज्या जिल्ह्यात पुलगावसारखे मोठे दारूगोळा भांडार आहे, तिथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही हकिकत माहीत असायलाच हवी.

जस्ताची आणखी एक उलटापालट इथल्या पाण्याशी फार जवळून निगडित आहे. थंड पाण्यात जस्त लोखंडाला वाचवते. पाणी ६० अंशांच्या वर गेले की काही पाण्यांत जस्तावरचा थर असा बदलतो, की त्याचा विभव लोखंडाच्या वर चढतो. मग नळाचे लोखंडच झिजू लागते, तेही सरसकट नाही, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून. बायकार्बोनेट आणि नायट्रेट या उलटापालटीला बळ देतात; क्लोराइड आणि सल्फेट तिला अडवतात. वर्धा जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे आणि त्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी मुख्यतः बायकार्बोनेटचे असते. खत पडणाऱ्या शेतातल्या विहिरीत नायट्रेटही उतरते. अशा पाण्याच्या सोलर वॉटर हीटरला जस्ताचा मुलामा दिलेला (जीआय) पाइप जोडायचा की नाही, हा प्रश्न प्लंबरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दुसऱ्या बाजूने हेच जड पाणी थंड नळात चुन्याचा पातळ लेप बसवते आणि तो लेप जस्ताला जपतो. आम्लधर्मी भूजलाच्या प्रदेशात, पीएच साडेसहाच्या खाली असेल तिथे, हातपंपाच्या जस्त लावलेल्या नळ्या लवकर झिजून पाणी तांबडे येते. तो अनुभव पश्चिम आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर आला. पंप तशाच घडणीचा, नळी तशीच, पण जमिनीतले पाणी निराळे.

मातीत गाडलेल्या लोखंडाचे गणित आणखी कठीण. काळी कापसाची जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते, म्हणजे गंजाच्या प्रवाहालाही वाट मोकळी करून देते. उन्हाळ्यात ती भेगाळते, हवा खोलवर जाते. एकाच नळाचा एक भाग हवेशीर भेगेत आणि दुसरा घट्ट ओल्या ढेकळात असला, तर कमी हवा मिळणारा भाग अ‍ॅनोड होऊन झिजतो. कुंपणाचा लोखंडी खांब नेमका जमिनीलगत का कुजतो, याचे मोठे कारण प्राणवायूतल्या या फरकात आहे.

इथे मोजणीला सुरुवात करता येते, आणि त्यासाठी संत्र्याच्या बागेतलेच मोरचूद पुरते. प्लास्टिकच्या नळीत मोरचुदाचे संपृक्त द्रावण, त्यात तांब्याची स्वच्छ कांडी, नळीच्या तोंडाला पाणी झिरपू देणारे लाकडी बूच किंवा कच्च्या भाजणीचा मातीचा तुकडा. झाला संदर्भ इलेक्ट्रोड. तो ओल्या मातीवर टेकवायचा, मल्टिमीटरची काळी तार त्याला आणि लाल तार नळाला. नव्या जस्ताचा नळ साधारण उणे १.१ व्होल्ट दाखवतो. उघडे पोलाद उणे ०.५ ते ०.७ च्या आसपास. जमिनीत नळ दिसत नाही, पण दरवर्षी त्याच जागी घेतलेला आकडा उणे १.१ वरून उणे ०.७ कडे सरकत गेला, तर जस्त संपत आले हे खणल्याशिवाय कळते. तेल आणि वायूच्या वाहिन्यांना बाहेरून प्रवाह देऊन उणे ०.८५ च्या खाली ठेवतात, तो आकडाही याच मोरचुदाच्या इलेक्ट्रोडने मोजलेला असतो.

काळाच्या दुसऱ्या टोकाला वाकाटकांचे ताम्रपट आहेत. वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेनाचे प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे आजचे पवनार, असे मत वा. वि. मिराशींनी मांडले, १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खननही केले. पाचव्या शतकातल्या ताम्रपटांवरची अक्षरे आज वाचता येतात, कारण तांब्यावर आधी लाल ऑक्साइडचा आणि त्यावर हिरव्या कार्बोनेटचा थर बसला आणि तो टिकला. तो कोणी चढवला नव्हता. दीड हजार वर्षे टिकलेला थर प्रयोगशाळेत अजून कोणी बनवलेला नाही, ही गोष्ट नव्या लेपाचा दावा वाचताना मी नेहमी लक्षात ठेवतो.

आता रंगाकडे. खिडकीच्या ग्रिलला रेड ऑक्साइडचा हात आणि वर ऑइलपेंट, हे आपल्याकडचे घरोघरचे संरक्षण. रंग पाणी आणि हवा रोखतो, असा सर्वसाधारण समज असतो. १९५० च्या आसपास केंब्रिजचे जे. ई. ओ. मेन यांनी दाखवून दिले, की रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आणि प्राणवायू पुरेपूर आत जातात. उघड्या लोखंडाला गंजायला जेवढे लागतात तेवढे सहज. रंग अडवतो ते मुख्यतः आयनांना. गंजायला एका जागी लोखंड विरघळावे लागते, दुसऱ्या जागी प्राणवायूला इलेक्ट्रॉन मिळावे लागतात, आणि दोन्ही जागा द्रावणातून आयनांनी जोडलेल्या असाव्या लागतात. तो जोड रंग तोडतो. म्हणून गंजावर, मिठावर, घामाच्या हातावर मारलेला रंग फसतो. आत अडकलेले क्षार बाहेरचे पाणी ओढून घेतात, फुगे येतात आणि आयनांना वाट मिळते.

हा आयनांचा अडसर मोजायचा कसा? १९४८ मध्ये बेकन, स्मिथ आणि रग या अमेरिकन संशोधकांनी समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या शेकडो रंगवलेल्या पट्ट्यांचा विद्युत रोध मोजला. ज्यांचा रोध दर चौरस सेंटिमीटरला दहा कोटी ओहमच्या आसपास टिकला ते रंग टिकाऊ ठरले. दहा लाखांच्या खाली घसरलेले फसले. पुढे या मोजणीला सूक्ष्म रूप आले ते इम्पिडन्सच्या पद्धतीने. रंगवलेल्या पट्टीला जेमतेम दहा मिलिव्होल्टचा मागेपुढे होणारा विभव द्यायचा, सेकंदाला लाख आवर्तनांपासून शंभर सेकंदांत एका आवर्तनापर्यंत, आणि प्रत्येक वेळी किती प्रवाह गेला आणि तो किती पुढे-मागे सरकला हे नोंदवायचे. एवढ्या हलक्या धक्क्याने रंगाला इजा होत नाही, म्हणून तीच पट्टी आज, महिन्याने, वर्षाने पुन्हा मोजता येते.

चांगला कोरडा रंग शुद्ध कपॅसिटरसारखा वागतो. त्यात पाणी शिरू लागले की त्याची धारकता वाढते, कारण रेझिनचा परावैद्युतांक चार-पाचच्या आसपास असतो आणि पाण्याचा ऐंशीच्या जवळ. धारकता किती वाढली यावरून रंगाने किती पाणी प्यायले याचा अंदाज येतो. ब्रॅशर आणि किंग्सबरी यांनी १९५४ मध्ये त्यासाठी सूत्र दिले, ते आजही वापरतात. पुढे मंद आवर्तनांचा रोध घसरतो, म्हणजे आयनांना वाटा सापडल्या. त्यानंतर आलेखात दुसरा उंचवटा दिसू लागला, की रंगाखाली लोखंड गंजू लागले असे समजावे. या तिन्ही अवस्थांमध्ये वरचा रंग डोळ्यांना अगदी धडधाकट दिसतो. मला या विषयाचे वेड लागले ते याच आलेखांनी.

यंत्रे आता अनेक महाविद्यालयांत आली आहेत आणि त्यांच्यासोबत काही वाईट सवयीही. टाफेलने १९०५ मध्ये विभव आणि प्रवाह यांचा जो संबंध मांडला, त्यावरून गंजाचा वेग काढण्याची रीत उघड्या धातूसाठी उत्तम आहे. १९५७ चे स्टर्न आणि गीअरी यांचे समीकरणही तसेच. पण रंगवलेल्या पट्टीवर तीच रीत लावून शेकडो मिलिव्होल्टचा मारा केला, तर मोजतामोजताच थर फाटतो, आणि मिळालेला आकडा कशाचा हे सांगता येत नाही. नव्या लेपाची बोटभर पट्टी तासभर साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात ठेवायची आणि ‘९९ टक्के संरक्षण’ जाहीर करायचे, असे प्रबंध मी बरेच वाचले आहेत. साडेतीन टक्के मीठ म्हणजे समुद्र. वर्ध्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मिठाच्या फवाऱ्याची प्रमाणित चाचणी १९३९ पासून चालत आली आहे. तिच्यात पाच टक्के मिठाचे धुके ३५ अंशांवर सतत पडते, पट्टी कधी वाळतच नाही, त्यामुळे जस्ताला त्याचा कार्बोनेटचा थर धरू देणारी परिस्थितीच तिथे नसते. त्या पेटीत हरलेला जस्ताचा पत्रा शेतावर वीस वर्षे टिकू शकतो. उत्पादनात खोट आली की नाही हे पकडायला ती चाचणी ठीक. आयुष्याचा अंदाज तिच्यावरून करू नये.

रुग्णालयातही हाच नियम चालतो. सेवाग्राम आणि सावंगीच्या शस्त्रक्रियागृहांत हाडात बसणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू पोलादाचे किंवा टायटॅनियमचे असतात. टायटॅनियमवर अवघ्या काही नॅनोमीटरचा ऑक्साइड असतो आणि खरवडला तरी क्षणात पुन्हा धरतो. शरीराचे ‘पाणी’ म्हणजे ३७ अंशांचे, ७.४ पीएचचे, क्लोराइडने भरलेले द्रव. पण जखमेला सूज आली की तिथला पीएच उतरतो, पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. स्क्रूच्या डोक्याखालच्या फटीत प्राणवायू संपतो आणि स्टेनलेस पोलादावरचा क्रोमियमचा ऑक्साइड तिथेच आधी हार मानतो. बाजारातल्या सलाइनमध्ये घेतलेली चाचणी सुजेतल्या परिस्थितीबद्दल थोडेच सांगते.

थर आणि भोवताल यांची ही जोडी लक्षात न घेतल्याची एक जुनी गोष्ट हम्फ्री डेव्हीची आहे. लाकडी जहाजांच्या तळाला, मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी लढाऊ जहाजांनाही, तांब्याचे पत्रे मारत. १८२४ मध्ये डेव्हीने त्या पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज खरोखर थांबली. पण झिजणाऱ्या तांब्याचे आयनच शिंपले आणि शेवाळ दूर ठेवत होते. झीज थांबताच तळ त्यांनी भरून गेला आणि जहाजे मंदावली. विद्युत-रसायनशास्त्र बरोबर होते. थराकडून समुद्रात दुसरेही काम घेतले जात होते, ते विसरले गेले.

वर्ध्यात वस्तू इथेच तपासून पाहण्याची परंपरा आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी घाणी, जाते, हातकागद यांवर प्रयोग सुरू केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. कुमारप्पांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ टिकाऊपणाला अर्थशास्त्राच्या मध्यभागी ठेवतो. माझ्या मते, ज्या छपराचे जस्त चार वर्षांत संपते, त्या छपराचा प्रश्न याच परंपरेत येतो. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. जवळ नागपूरला डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली तंत्रज्ञान संस्था पृष्ठलेपनाचे पदवी शिक्षण देते. तमिळनाडूत कराईकुडीला १९४८ मध्ये पायाभरणी झालेल्या विद्युत-रसायन संस्थेने देशभर धातूच्या पट्ट्या टांगून भारताचा गंजाचा नकाशा तयार केला. त्या नकाशात गावागावाचा तपशील भरणे हे जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे काम आहे.

त्याला इम्पिडन्सचे यंत्रही लागत नाही. जस्ताच्या पत्र्याच्या दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, खुणा करून वजन करायचे, मग कडांना मेणाचा लेप द्यायचा. एक उघड्या शेतात, एक गोठ्याच्या आढ्याला, एक खताच्या खोलीत, एक चुलीच्या धुराड्याजवळ. मृगाच्या आधी टांगायच्या, पुढच्या मृगाला उतरवायच्या. मेण काढून लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम नवसागर विरघळवायचा, ते ७० अंशांपर्यंत तापवायचे आणि पट्टी दोन ते पाच मिनिटे त्यात ठेवायची, म्हणजे गंज निघतो. मग धुऊन, वाळवून पुन्हा वजन. अशा पट्टीवर एक मायक्रॉन जस्त गेले, तर वजन सुमारे २१० मिलिग्रॅमने घटते. तेवढा फरक सराफाकडच्या चांगल्या काट्यावरही दिसतो. नवसागर स्वतःही थोडे जस्त खातो, म्हणून वर्षभर कोरड्या डब्यात ठेवलेली एक कोरी पट्टीही तितकाच वेळ त्याच पाण्यात बुडवायची आणि तिची घट बाकीच्या चौघींच्या घटीतून वजा करायची.